सांध्यात हरवलेले मार्क

१

शारदाच्या उत्तरपत्रिकेवर तपासनिसाच्या लाल शाईत ब्याऐंशी मार्क होते. नोटीस बोर्डावरच्या यादीत तिच्या नावापुढे त्रेचाळीस छापलेले होते. मधले एकोणचाळीस मार्क कुणी गिळले, हे शोधायला १९८८ सालच्या जून महिन्यात किशनराव बिदरहून गुलबर्ग्याला आले, आणि स्टँडवर उतरताच त्यांनी पहिला संशय घेतला तो रिक्षावाल्याने सांगितलेल्या जवळच्या रस्त्यावर.

संशय हा त्यांचा जुना सोबती होता. तीस वर्षं त्यांनी बिदरच्या कोर्टात दुभाष्याचं काम केलं होतं. साक्षीदार दखनीत बोलणार, वकील मराठीत विचारणार, न्यायाधीश कानडीत लिहिणार आणि तिघांच्या मध्ये किशनराव उभे. माणसाच्या ओठावर एक आणि पोटात दुसरं असतं, हे रोज बघून त्यांचा स्वभावच असा झाला होता की, बायकोनं भाजीत मीठ बरोबर आहे म्हटलं तरी ते आधी चाखून बघत.

सीमांत अध्यापक विद्यालयाच्या प्राचार्या सरस्वतीबाई यांनी त्यांना खुर्ची दिली आणि आडवळण न घेता सांगायला सुरुवात केली. बिदर-गुलबर्ग्याच्या खेड्यांतल्या मराठी शाळांना शिक्षक हवेत, म्हणून दरवर्षी चाळीस जागांसाठी शंभर मार्कांची परीक्षा होते. यंदा एकशे एकवीस जण बसले. तपासनिसांनी मार्क दिले, उत्तरपत्रिका कपाटात गेल्या आणि यादी पहिल्यांदाच कॉम्प्युटरवर झाली. यादी लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी शारदाचे वडील श्रीनिवासराव बसवकल्याणहून तणतणत आले. ते तिथे हेडमास्तर होते. पोरगी वर्गात कधी पहिल्या तिनाखाली आली नाही, ती नापास होतेच कशी, म्हणाले.

"मी कपाट उघडलं, पेपर काढला, तर ब्याऐंशी," सरस्वतीबाई म्हणाल्या. "तपासनिसाच्या तक्त्यावरही ब्याऐंशीच. म्हणजे जे काही झालं ते कॉम्प्युटरच्या खोलीत झालं. आणि त्या खोलीची किल्ली एकट्या नागनाथकडे."

"नागनाथ कोण?"

"आमचा प्रोग्रामर. मंठाळचा. हुशार आहे हो पोरगा, मीच निवडला होता. शनिवारी अकराला मंडळाची बैठक आहे. त्याला काढायचं आणि पोलिसांत द्यायचं, असं निम्म्यांनी ठरवूनच टाकलंय. मी म्हटलं, आधी संशय घेणारा माणूस बोलवू."

"नागनाथवर संशय?"

"सगळ्यांवर. पण एक गोष्ट ऐकून घ्या. शारदाच्या पेपरानंतर आम्ही आणखी एकच पेपर काढून बघितला. सावित्री, नागनाथच्या सख्ख्या बहिणीची मुलगी. पेपरवर चव्वेचाळीस मार्क." त्यांनी यादी पुढे सरकवली. "आणि इथे बघा. एकोणऐंशी."

२

यादी लांबलचक होती, कडेला भोकं पाडलेल्या रुंद कागदावर इंग्रजी अक्षरांत छापलेली. वर तारीख आणि वेळ: दुपारी चार चाळीस. पहिल्या ओळीत श्री आणि पुढे शून्य. त्याखाली एक ते एकशे एकवीस नंबर, नावं आणि मार्क.

"हे श्री कुणी घातलं?" किशनरावांनी विचारलं.

"मशीनच छापत असेल," सरस्वतीबाई म्हणाल्या. "मी तर गेल्या वर्षीच अच्युतरावांना ताकीद दिलीय, सरकारी कागदावर देवाची ओळ नको म्हणून. वरून शेरा आला होता."

अच्युतराव म्हणजे हेडक्लार्क. पंचवीस वर्षं नोकरी, कपाटाची किल्ली जानव्याला बांधलेली, आणि बोलण्यात असा गोडवा की किशनरावांना लगेच खटकला. नागनाथच्या जागेवर आपला पुतण्या लागावा म्हणून या गृहस्थांनी खटपट केली होती, हे किशनरावांना कळायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही. कचेरीत अशा गोष्टी विचाराव्या लागत नाहीत, नुसतं बसून राहिलं की पुरतं.

"चोर तर सापडलाय, साहेब," अच्युतराव म्हणाले. "भाचीला चढवलं. आणि श्रीनिवासरावांनी त्याला एकदा शाळेत असताना बाकावर उभं केलं होतं म्हणे, तो राग पोरीवर काढला. आता आणखी कामून खोदायलात?"

"उत्तरपत्रिका तुमच्या ताब्यात होत्या."

"कपाट बाईंनी सील केलंय. आता मंडळासमोरच उघडेल. माझा हात लागला नाही."

"यादी छापली त्या दिवशी तुम्ही कॉम्प्युटरच्या खोलीत गेला होतात?"

"मी?" अच्युतरावांनी कानाला हात लावला. "त्या खोलीत मी पाऊल टाकत नाही. ती एसीची थंडी मला सोसत नाही."

किशनराव बाहेर आले. व्हरांड्यात शिपाई पिराजी माठाला ओला फडका गुंडाळत होता. किशनरावांनी त्याला गाव विचारलं, मुलंबाळं विचारली आणि मग सहज विचारावं तसं विचारलं, "यादीच्या दिवशी त्या थंड खोलीत चहा कोण पोचवत होतं?"

"मीच की. सकाळी एक कप. तिसऱ्या पारी दोन कप."

"दोन कुणाला?"

"एक नागनाथ सायबाला," पिराजी म्हणाला, "आन् एक अच्युतरावांला. लै वेळ बसले व्हते दोघं. दार लावून."

३

नागनाथची खोली सुपर मार्केटच्या मागे होती. अठ्ठावीस वर्षांचा, कोरडा पडलेला चेहरा, चार दिवसांची दाढी. त्याची बहीण भागाबाई गावाहून आली होती आणि तिची मुलगी सावित्री दाराआड उभी होती. घरात कुणी गेल्यासारखी शांतता होती.

"बसा, साहेब," नागनाथ म्हणाला. "काय विचारायचं ते विचारा. मी मार्क बदलले न्हाईत. पण मशीन बी चुकत न्हाई. मग बदलले कुनी, हे मला बी कळंना झालंय. चार दिवस झाले, माझा प्रोग्राम डोक्यात पुन्हा पुन्हा वाचायलाव. एकूण एक ओळ बरोबर हाय."

माणूस खोटं बोलताना आपल्या बाजूनं काहीतरी जोडतो. हा तर आपल्या सुटकेची वाट आपणच बंद करत होता. किशनरावांना हे आवडलं, आणि आवडलं म्हणूनच त्यांनी त्यावर संशय घेतला.

"श्रीनिवासरावांनी तुला बाकावर उभं केलं होतं?"

"व्हय. पाढे आले न्हाईत म्हून. दुसऱ्या दिवशी पाठ करून गेलो. त्यांच्यामुळंच गणित आलं मला."

"सावित्रीला एकोणऐंशी मार्क पडले हे कधी कळलं?"

नागनाथनं मान खाली घातली. उत्तर दाराआडून आलं.

"मामाला मी आधीच सांगितलं होतं," सावित्री म्हणाली. "पेपर वाईट गेलाय म्हून. दोन प्रश्न सोडले होते मी."

भागाबाई एकदम पुढे झाली. "गप की गं!"

"बोलू दे तिला," नागनाथ म्हणाला. "साहेब, मला म्हाईत होतं पोरीचा पेपर गेलाय. यादीत एकोणऐंशी बघितले आन् लै आनंद झाला. आमच्या घरात मास्तरीण व्हनारी ती पहिली. म्हून मी विचारलंच न्हाई हे मार्क आले कुठून. तेवढी चोरी मी केलीय. ती लिहून घ्या."

भागाबाईनं पदर तोंडाला लावला. "अण्णा, पोरीची जागा घ्या वापस. पुढल्या साली बसंल ती. पन माझ्या भावाला चोर म्हनू नगा. बाप गेल्यावर त्यानंच घर उभं केलंय."

किशनरावांना गलबलून आलं. पण त्यांनी शेवटचा प्रश्न गिळला नाही.

"त्या दिवशी यादी करताना तुझ्याजवळ कोण बसलं होतं?"

नागनाथची नजर किंचित हलली. "कुनी न्हाई. मी एकटाच होतो."

किशनराव जिना उतरले. हेडक्लार्क आणि प्रोग्रामर, एकमेकांच्या वाऱ्याला न उभे राहणारे दोघं, अगदी एकच खोटं बोलत होते. दार लावून त्यांनी मिळून काय केलं होतं?

४

शुक्रवारी सकाळी किशनराव कचेरीच्या मागच्या खोलीत चहा पीत उभे होते. कपबश्या ठेवायच्या फळीवर पिराजीनं नवा कागद अंथरला होता. कागद रुंद होता आणि त्याच्या कडेला भोकं होती.

"हा कुठला, पिराजी?"

"रद्दी हाय, सायेब. त्या दिशी नागनाथ सायबानं टाकून दिल्ती. निम्मा कागद फळीला लावला, निम्मा माठाखाली भिजून गेला."

किशनरावांनी कपबश्या एकेक करून खाली उतरवल्या. कागदाच्या कोपऱ्यात तीच तारीख होती, वेळ मात्र सकाळी अकरा वीस. ओळी पहिल्या नंबरापासून पन्नासापर्यंत. वर श्री नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला आणि बोट खाली नेलं. तेहतीस नंबर, शारदा. ब्याऐंशी.

म्हणजे अकरा वीसला मार्क जागेवर होते. चार चाळीसला नव्हते. मधल्या वेळात त्या खोलीत दोन कप चहा गेला होता.

त्यांनी सरस्वतीबाईंना सांगून नागनाथला बोलावून घेतलं, अच्युतरावांना समोर बसवलं आणि तो कागद टेबलावर पसरला. बशीचे गोल डाग पडले होते त्यावर.

"दोघांनाही पोलिसांत द्यायला एवढा कागद पुरे आहे," ते शांतपणे म्हणाले. "सकाळी खरे मार्क, संध्याकाळी खोटे, आणि मधे दार लावलेलं. कोण आधी बोलतंय?"

अच्युतरावांचा गोडवा उतरला. "श्री घालायला सांगितलं मी," ते पुटपुटले.

"काय?"

"यादी आणून दाखवली यानं. पहिल्या ओळीवर सरळ माणसाचं नाव! पंचवीस वर्षांत माझ्या हातून बिनश्रीची यादी बाहेर गेली नाही, साहेब. पहिली ओळ देवाची सोडायची, मग माणसं. बाईंनी मला बंदी केली. म्हटलं, मशीननं छापलं तर माझ्यावर कशाला येईल? म्हणून याच्या पाया पडलो."

"आणि तू घातलंस?" किशनरावांनी नागनाथकडे बघितलं.

"म्हाताऱ्या माणसाचं मन कशाला मोडायचं म्हनलं," नागनाथ म्हणाला. "पन साहेब, आमी बौद्ध. मी यादीवर श्री घातला हे मंठाळात कळलं असतं तर लोक म्हनले असते, नोकरीसाठी वाकला. म्हून बोललो न्हाई."

एकाला बाईंची भीती, दुसऱ्याला गावाची लाज. दोघांनी एकच गोष्ट पोटात ठेवली होती आणि ती गोष्ट म्हणजे एक निरुपद्रवी ओळ. किशनरावांना हसू आलं, पण ते ओठापर्यंत पोचायच्या आत विरलं. सकाळ आणि संध्याकाळ यांच्यात फक्त देवाची ओळ वाढली होती. मग देवानं शारदाचे मार्क नेले होते की काय?

५

"ती ओळ घातलीस म्हणजे नेमकं काय केलंस?" किशनरावांनी विचारलं. "मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही, असं धरून सांग."

नागनाथनं कागद घेतला. "मार्कांची एक रांग हाय. एक ते एकशे एकवीस. पहिली जागा देवाला मोकळी करायची तर सगळ्यांनी एकेक जागा खाली सरकायचं. एकाचा आकडा दोनवर, दोनाचा तीनवर, असं शेवटपर्यंत. मग पहिल्या जागेवर शून्य."

"नावंही तशीच सरकवली?"

"नावं जुन्या रीतीनं. शेवटून एकेक. आधी एकशे एकविसावं खाली, मग एकशे विसावं. पन आकड्यांसाठी आता नवी सोय आलीय. गेल्याच महिन्यात हैदराबादेहून नवा कंपायलर आलाय. एका ओळीत लिहायचं, ही अख्खी रांग उचल आन् एक जागा खाली ठेव. हे बघा." त्यानं कॉम्प्युटरसाठीच्या फोर्ट्रान भाषेत एक ओळ लिहिली. "नियम असा हाय, की बरोबरच्या चिन्हाच्या उजवीकडचे सगळे आकडे आधी वाचून घ्यायचे, मगच डावीकडं लिहायचे. यात चूक व्हायला जागाच न्हाई."

"हा कंपायलर कोण?"

"माणूस न्हाई, साहेब, तो बी एक प्रोग्रामच. मी फोर्ट्रानमधी लिहितो, ते मशीनला कळत न्हाई. मशीनची भाषा मला येत न्हाई. मधी कंपायलर. माझं बोलणं मशीनच्या भाषेत करून तिला सांगतो."

किशनराव खुर्चीत ताठ झाले.

"म्हणजे दुभाष्या!"

"व्हय, तसंच म्हना."

"आणि चार दिवस तू तुझं बोलणं तपासलंस. मशीनवर विश्वास ठेवलास. दुभाष्यावर कुणीच संशय घेतला नाही?"

"कंपायलरवर कोन संशय घेतं, साहेब?" नागनाथला प्रश्नच कळला नव्हता.

किशनराव उठून खिडकीशी गेले. जे सांगायचं होतं ते सांगायला त्यांना जड जात होतं.

"एकसष्ट साली भालकीकडचा एक माणूस साक्षीला उभा होता," ते म्हणाले. "लांब बोलायचा, थांबायचाच नाही. अशा वेळी दुभाष्या काय करतो? सगळं डोक्यात मावत नाही. मग चार-पाच वाक्यांचा घास घ्यायचा, कानडीत सांगायचा, पुढचा घास घ्यायचा. तो म्हणाला, भांडण झालं तिथे मी होतो. आणि पुढचं वाक्य, मी हात लावला नाही. पहिलं वाक्य माझ्या घासाचं शेवटचं. मी ते सांगत असताना तो दुसरं बोलून गेला. ते माझ्या कानावरच पडलं नाही. दोन महिने आत होता तो माणूस, माझी चूक माझ्या लक्षात येईपर्यंत." त्यांनी खिडकीची चौकट घट्ट धरली होती. "तेव्हापासून मी सगळ्यांवर संशय घेतो. आधी स्वतःवर. पोरा, दुभाष्याची चूक घासाच्या मधे होत नाही. ती दोन घासांच्या सांध्यावर होते."

नागनाथनं हातातलं पेन खाली ठेवलं.

किशनराव टेबलाशी आले आणि त्यांनी यादी ओढली. "शारदाचा नंबर तेहतीस. तिच्या नावापुढे त्रेचाळीस. आता तिच्या वरचा बघ. बत्तीस नंबरालाही त्रेचाळीस! सावित्री पासष्ट. तिला एकोणऐंशी. वरच्या चौसष्टलाही एकोणऐंशी. दोघींना वरच्या माणसाचे मार्क मिळालेत. तेहतीस आणि पासष्ट. मधे अंतर किती?"

"बत्तीस," नागनाथ हलकेच म्हणाला. मग त्याचे डोळे मोठे झाले. "साहेब, तो अख्खी रांग एकदम उचलतच न्हाई! बत्तीस-बत्तीस उचलतोय!"

"राग किंवा माया मोजून बत्तीस पावलांवर बसत नाही," किशनराव म्हणाले. "आता अच्युतराव, तुम्ही साक्षीदार. माझं खरं असेल तर आणखी एक माणूस लुबाडला गेलाय. त्यानं तक्रार केली नाही, म्हणून त्याचा पेपर कुणी काढलाच नाही. नंबर सत्त्याण्णव."

त्यांनी बोट खाली नेलं. शहाण्णव नंबर, सदतीस मार्क. सत्त्याण्णव नंबर, सदतीस मार्क. नाव विमलबाई, गाव निंबर्गा.

खरे मार्क सील केलेल्या कपाटात होते. ते सदतीसच निघाले, तर नागनाथ बुडाला.

६

शनिवारी अकरा वाजता मंडळाचे सात जण कॉम्प्युटरच्या खोलीत दाटीवाटीनं बसले. श्रीनिवासराव दाराशी हाताची घडी घालून उभे होते. भागाबाई बाहेर व्हरांड्यात होती, तिला आत यायचा धीर झाला नाही.

"नागनाथ कळफलकाला हात लावणार नाही," किशनरावांनी आधीच सांगून टाकलं. "तो सांगेल, सरस्वतीबाई टाइप करतील. मार्कांच्या जागी सरळ एक, दोन, तीन, असे एकशे एकवीस आकडे भरायचे. प्रत्येकाचा नंबर हेच त्याचे मार्क. बाकी प्रोग्राम त्या दिवशीचाच."

टाइप करायला पाऊण तास गेला. एका सभासदाला जांभई आली. मग प्रिंटर करकरू लागला आणि कागद बाहेर येऊ लागला. किशनरावांनी तो श्रीनिवासरावांच्या हातात दिला.

"तुम्ही हेडमास्तर. पाढे घेता. वाचा मोठ्यानं."

"श्री, शून्य," श्रीनिवासराव वाचू लागले. "एक. दोन. तीन…" तिसाशी त्यांचा आवाज मंदावला. "एकतीस. बत्तीस. बत्तीस." ते थांबले. "हे दोनदा आलंय. चौतीस."

"तेहतीस कुठे गेले?"

श्रीनिवासरावांनी बोट पुढच्या ओळीवर नेलं. ते भराभरा पुढे गेले. "त्रेसष्ट, चौसष्ट, चौसष्ट, सहासष्ट." "पंच्याण्णव, शहाण्णव, शहाण्णव, अठ्ठ्याण्णव."

"पंगत एकेक पाट खाली सरकवायची आहे असं समजा," किशनराव मंडळाला म्हणाले. "वाढपी सगळ्यांना एकदम उठवत नाही, बत्तीस जणांना उठवतो आणि एकेक पाट खाली बसवतो. बत्तिसावा जाऊन बसतो तेहतिसाव्याच्या पाटावर, तेहतिसावा उठायच्या आधीच. कॉम्प्युटरात माणूस चेपून जातो, बोंब मारत नाही. दुसऱ्या खेपेला वाढपी त्या पाटावर बघतो तर तिथे बत्तिसावा. तो त्यालाच पुन्हा उचलून पुढच्या पाटावर बसवतो. असा बत्तिसाव्याचा आकडा दोनदा येतो आणि तेहतिसाव्याचा नाहीसा होतो. सकाळच्या यादीत श्री नव्हतं, सरकवासरकवी नव्हती, म्हणून ती बरोबर होती. नागनाथनं सांगितलं ते बरोबर. मशीननं ऐकलं तसं केलं. चुकला तो मधला दुभाष्या."

"आता हे शास्त्र झालं," मंडळातला एक वकील म्हणाला. "पण बाकीचं कशावरून? त्या तिसऱ्या पेपराचं काय?"

अच्युतरावांनी जानव्याची किल्ली काढली. सील फुटलं. गठ्ठा काढून सरस्वतीबाईंनी शहाण्णव बाजूला ठेवला आणि सत्त्याण्णव वर घेतला. नागनाथनं डोळे मिटून घेतले होते.

"एक्क्याण्णव," सरस्वतीबाई म्हणाल्या. मग त्यांनी पेपर पुन्हा उलटून बघितला. "अहो, ही तर सगळ्यांत पहिली आली!"

मग सगळा गठ्ठा यादीशी ताडून बघितला गेला. चुका तीनच होत्या आणि तिन्ही सांध्यावर. शारदाला जागा मिळाली. सावित्रीची गेली. नागनाथनं ती खोडून नवी यादी स्वतःच छापली, या वेळी शेवटून एकेक आकडा सरकवून, कारण अच्युतरावांसाठी श्रीची ओळ राहू द्या, असं सरस्वतीबाईच म्हणाल्या होत्या. छापताना तो एकदाही डोळे पुसायला थांबला नाही. बाहेर भागाबाईनं भावाचा हात धरला आणि ती खुशाल रडली, मुलीची जागा गेली म्हणून की भाऊ सुटला म्हणून, ते तिचं तिलाच ठाऊक.

श्रीनिवासराव नागनाथसमोर येऊन उभे राहिले. माफी मागायची सवय त्यांच्या जिभेला नव्हती. "सावित्रीला सुट्टीत माझ्याकडे पाठव," ते म्हणाले. "गणित मी घेतो तिचं."

७

विमलबाईला पत्र पाठवून भागलं असतं. पण किशनरावांना पत्रावरही भरवसा नव्हता. सोमवारी ते आळंदची एसटी धरून निंबर्ग्याला गेले.

विमलबाई घरी नव्हती. तिचा नवरा नरसिंग कडब्याची गंजी रचत होता. यादीचं नाव काढताच तो कसनुसा झाला.

"झालं गेलं सोडा, अण्णा," तो म्हणाला. "लै अभ्यास केल्ता तिनं. आमच्या गल्लीतल्या बायकांला लिहाय-वाचाय शिकवायची. यादी लागल्यापासून ते बी बंद केलंय. म्हनली, मलाच सदतीस पडायलेत, मी दुसऱ्याला काय शिकवू? आता रोजानं तुरीच्या शेतात जायलीय."

"तक्रार का नाही केली?"

"कुनाकडं? आन् मशीननं छापलेलं खोटं असतंय व्हय?"

ते बोलत असताना विमलबाई आली. तिशीची, डोक्यावर गवताचा भारा. तिनं भारा टाकला, पाण्याचा तांब्या आणून दिला आणि चौकटीला टेकून उभी राहिली. किशनरावांनी तिला सगळं सांगितलं. बत्तीस, घास, सांधा. ती ऐकत होती, पण तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नव्हतं.

"दुसऱ्या कुनाचा पेपर असंल तो," ती म्हणाली. "मला तेवढं येत न्हाई."

किशनरावांनी आयुष्यात पुष्कळ खोट्या साक्षी ऐकल्या होत्या. पण एका छापील आकड्यानं माणसाकडून स्वतःविरुद्धच अशी साक्ष वदवून घ्यावी, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं. त्यांनी पिशवीतून मंडळाच्या शिक्क्याचा कागद काढला आणि तिच्या हातात दिला. तिनं तो स्वतः वाचला. ओठ हलवत, एकेक अक्षर. मग पहिल्या ओळीपासून परत वाचला. नरसिंग तिच्या खांद्यावरून डोकावत होता, त्याला वाचता येत नव्हतं.

"काय लिवलंय? बोल की!"

"एक्क्याण्णव," विमलबाई म्हणाली. तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं, पदरानं पुसलं आणि कागद पुन्हा वाचायला घेतला. किशनराव जायला उठले.

"थांबा, अण्णा." ती वळली तेव्हा डोळे ओले होते, पण भुवया जवळ आल्या होत्या. "सगळे प्रश्न सोडवले होते मी. सगळे बरोबर होते. ह्यात एक्क्याण्णवच लिवलेत." तिनं कागदावर बोट ठेवलं. "मग माझे नऊ मार्क कुठं गेले? पेपर दाखवा मला."